टेबल एकाचं, काम दुसऱ्याचं

«ताई, मी चौदा वर्षं पक्षाचा बूथप्रमुख आहे. ज्यांनी मला राजकारणात आणलं ते अण्णा यंदा आमच्या जिल्हा परिषद गटातून उभे राहणार, हे वरपासून खालपर्यंत सगळे धरून चालले होते. गट दोन वेळा राखीव होता, यंदा सर्वसाधारण सुटला. मुलाखती झाल्या, शब्द मिळाला. शेवटच्या दिवशी दुपारी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, आला तो दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाच्या नावाचा. अण्णांनी सावधगिरी म्हणून दोन अर्ज भरले होते, एक पक्षाचा आणि एक अपक्ष. आता दुसरा उरला आहे. तालुकाध्यक्ष विचारतात, बूथ सांभाळणार की नाही? अण्णांची माणसं सांगतात, पक्ष सोडू नकोस, मतदानाच्या दिवशी बूथच्या टेबलावर पक्षाच्याच बस, पण मतं आपल्याकडे फिरव आणि तुझी यादी आधी आम्हाला दे. नव्या उमेदवाराबद्दल माझी तक्रार काही नाही, तो बाहेरचा आहे एवढंच. २०१२ मध्ये पंचायत समितीला आमच्यातल्याच एकाचं तिकीट कापलं गेलं, तेव्हा अण्णा आणि मी रात्री त्याच्या घरी जाऊन त्याला माघार घ्यायला लावली होती. ते हल्ली सारखं आठवतं. माझे वडील आजारी होते तेव्हा अण्णा अकरा रात्री दवाखान्यात बसले होते. आता दोन दिवस मी त्यांच्या घरावरून जातसुद्धा नाही, गाडी मागच्या रस्त्यानं नेतो. निष्ठा नक्की कुणाशी ठेवायची?»

— एक कार्यकर्ता

भाऊ,

तुमचं पत्र आलं तेव्हा माघारीच्या मुदतीला तीन दिवस होते. म्हणून सदराच्या नेहमीच्या दिवसाची वाट न बघता लिहिते आहे. नाव-गाव सगळं गाळलं आहे.

आधी जे अन्यायाचं आहे त्याला अन्याय म्हणू या. मुलाखती घ्यायच्या, निरीक्षक पाठवायचे, इच्छुकांना गावोगाव खर्च करू द्यायचा आणि नाव मात्र शेवटच्या दुपारी फोडायचं, ही पद्धत वाईट आहे. फॉर्म उशिरा येण्यामागं हिशेब असतो. नाराज माणसाला दुसऱ्या पक्षाचं दार ठोठवायला वेळ मिळू नये, म्हणून तो दाबून ठेवतात. अण्णांचा संताप खरा आहे. तुमचाही खरा आहे. «पक्षाचा आदेश आहे, गिळा» असं मी तुम्हाला सांगणार नाही.

यंदा ही आग सगळीकडेच जास्त का लागली, तेही लक्षात घ्या. २०१७ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांची निवडणूकच झाली नव्हती. २०२२ च्या मार्चमध्ये मुदती संपल्या आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात प्रशासकांचा कारभार सुरू राहिला. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे गाडं हललं. मधल्या काळात शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, दोनाचे चार पक्ष झाले आणि युती-आघाड्यांमध्ये एकेका गटावर तीन-तीन दावे आले. एका खुर्चीसाठी दोन निवडणुकांचे इच्छुक साचलेले आहेत. कुणाचं तरी तिकीट कापलं जाणारच होतं. यामुळे अण्णांचं दुःख कमी होत नाही, पण हा सगळा कट फक्त त्यांच्याविरुद्ध रचला गेला असं जे त्यांच्या ओट्यावर रात्री बोललं जात असेल, ते तितकंसं खरं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंत की निष्ठा पक्षाशी की अण्णांशी. मला पत्रातली दुसरीच ओळ टोचली: टेबलावर पक्षाच्या बस आणि मतं आपल्याकडे फिरव. दोन्ही वाटांवर प्रामाणिक माणूस चालू शकतो. या तिसऱ्या वाटेवर नाही. तुम्ही पक्षाकडून लढलात तर मी तुम्हाला चूक म्हणणार नाही, अण्णांबरोबर उघड गेलात तरीही म्हणणार नाही. पण आतून काम करू नका. एवढं एकच ऐका, बाकी माझं काही ऐकलं नाही तरी चालेल.

मी हे ऐकीव सांगत नाही. बरीच वर्षं झाली. नगरपालिकेची निवडणूक होती, आमच्या वॉर्डातल्या एका बाईंचं तिकीट कापलं. कामाला वाघीण होत्या आणि मला धाकट्या बहिणीसारखं वागवायच्या. त्या अपक्ष उभ्या राहिल्या. मी पक्षाचं पद सोडलं नाही. दिवसा पक्षाच्या स्लिपा वाटल्या आणि स्लिप हातात देताना हळूच बाईंचं चिन्ह सांगितलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहायचे. त्यांच्या घरात पाच मतं, आणि दर निवडणुकीला ते मला विचारून मत द्यायचे. त्या संध्याकाळी त्यांनी स्लिप घेतली, चष्मा वर करून ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, «पोरी, तुझ्या हातात एक चिन्ह आहे आणि तोंडात दुसरं. यातलं तुझं कुठलं?» मला उत्तर देता आलं नाही. निकालात आमच्या पक्षाचा उमेदवार पडला, बाईही पडल्या आणि तिसराच निवडून आला. निकाल मी विसरले असते. पण पुढच्या निवडणुकीत मी यादी घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, «आमचं आम्ही बघू हो.» त्यानंतर त्या घरानं मला कधी काही विचारलं नाही. बूथवरच्या माणसाची सगळी कमाई म्हणजे लोकांनी त्याला विचारणं. ती मी एका आठवड्यात घालवली.

तुमच्या यादीबद्दलही बोलायला हवं, कारण अण्णांच्या माणसांनी ती आधी मागितली आहे. त्यांना किंमत बरोबर कळते. निवडणूक कार्यालयाची छापील यादी कुणालाही मिळते. तुमच्याकडे आहे ती पेन्सिलीच्या खुणांची यादी. कुणाच्या नावापुढे टिंब, कुणापुढे फुली. कोण पुण्याला कामाला आहे आणि कुणाच्या गाडीनं येतो, कुठल्या सासू-सुनेची मतं वेगळी पडतात, कुणाला खुर्चीवरून आणावं लागतं, कुणाकडे बायकांनीच जाऊन बोलावं लागतं. चौदा वर्षं उन्हातान्हात फिरून तुम्ही ती बनवलीत, त्यामुळे ती आपलीच वाटते. पण लोकांनी ही माहिती तुम्हाला दिली ती पक्षाचा माणूस म्हणून, विश्वासानं, ओट्यावर बसवून. तिचे फोटो काढून रात्रीतून दुसऱ्याला पाठवणं हा त्या घरांशी केलेला दगा आहे, पक्षाशी तर आहेच. तुम्ही उद्या राजीनामा देऊन उघड अण्णांकडे गेलात, तरी वही तालुकाध्यक्षांच्या हातात द्या आणि मग जा. डोक्यात जे आहे ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण वही द्या.

अण्णांच्या ओट्यावर सध्या काय बोललं जात असेल याचा मला अंदाज आहे. कुणीतरी १९९५ काढलं असेल. त्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, त्यात काँग्रेसचे बंडखोर भरपूर होते, आणि युतीचं सरकार त्यांच्या पाठिंब्यावर आलं. कुणी २०२४ ची सांगली सांगितली असेल. लोकसभेची जागा आघाडीत मित्रपक्षाला गेली, विशाल पाटील अपक्ष लढले आणि सुमारे एक लाखानं जिंकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सांगलीत वसंतदादांचं घराणं पाठीशी होतं आणि काँग्रेसची तिथली माणसं मोठ्या संख्येनं उघड त्यांच्या बाजूला होती. लोकांना दिसत होतं कोण कुणाबरोबर आहे. त्याच वर्षीच्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काय झालं तेही आठवा. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, कार्यकर्त्यांचा विरोध झाल्यावर ते बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना उमेदवारी दिली, लाटकर अपक्ष राहिले, आणि ४ नोव्हेंबरला मुदत संपता संपता अधिकृत उमेदवारानंच माघार घेतली. मतदानाच्या दिवशी त्या मतदारसंघात ‘हात’ हे चिन्हच नव्हतं. पक्षाला मग लाटकरांनाच पाठिंबा द्यावा लागला आणि जागा समोरच्या आघाडीचे राजेश क्षीरसागर घेऊन गेले. त्या आठवड्यात बूथवर बसलेल्या माणसांचं काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनात बरेच दिवस होता. सकाळी एका नावाच्या घोषणा, दुपारी दुसऱ्या, आणि लोकांच्या दारात जाऊन सांगायचं काय?

उलट बाजूचं उदाहरण म्हणून तालुकाध्यक्ष तुम्हाला चंद्रशेखर बावनकुळ्यांचं नाव सांगतील. २०१९ ला मंत्री असताना त्यांना तिकीट नाकारलं, ते थांबले, २०२१ ला विधान परिषदेवर गेले आणि २०२२ ला भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. तेही खरं. पण थांबलेल्या प्रत्येकाला असं काही मिळत नाही. थांबून थांबून म्हातारे झालेले, सभेत मागच्या रांगेत बसणारे कितीतरी निष्ठावंत मी पाहिले आहेत. म्हणून «थांबा, फळ मिळेल» या आशेवर पक्षात राहू नका. राहायचं तर पक्षाचं काम पटतं म्हणून राहा. उद्या काही मिळालं नाही तरी राहिल्याचा पश्चात्ताप होणार नाही, अशी खात्री असेल तरच राहा.

दोन गोष्टी कायद्याच्या, कारण त्या ओट्यावर कुणी सांगत नाही. «निवडून आलो की लगेच पक्षात परत» असं अण्णा म्हणत असतील, तर त्यांनी आधी वकिलाला विचारावं. अपक्ष निवडून आलेला आमदार-खासदार नंतर कुठल्याही पक्षात गेला तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार त्याचं पद जातं. विशाल पाटलांनीसुद्धा काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, पण ते अपक्षच राहिले. जिल्हा परिषदेसाठी राज्याचा सदस्य अनर्हतेचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. तो वाचल्याशिवाय गावाला शब्द देऊ नये. आणि दुसरी, माघारीच्या दिवशी रात्री-बेरात्री जी «बोलणी» होतात त्यात तुम्ही मध्यस्थ होऊ नका. उभं राहणं, न राहणं, माघार घेणं हा कायद्यानं निवडणुकीचा हक्क मानला आहे. त्यासाठी पैसे घेणं आणि देणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेत लाच ठरते आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अण्णा माघार घेणार असतील तर ती त्यांनी मोकळ्या हातानं घ्यावी. तुम्ही पाकीट पोचवणारे होऊ नका.

पक्षाच्या शिक्षेची मात्र फार भीती बाळगू नका. सहा वर्षांचं निलंबन हे नेहमीचं पत्र आहे आणि त्यातले कितीतरी जण पुढच्या निवडणुकीआधी हार घालून परत आलेले तुम्हीही पाहिले असतील. भीतीपोटी राहू नका, तसंच «काय करणार आहेत?» या मग्रुरीतही जाऊ नका.

मग मी काय केलं असतं? विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. तुमच्या जागी मी असते तर पक्षाच्या उमेदवाराचं काम केलं असतं. कारण पत्रात तुम्हीच दिलं आहे. नव्या उमेदवारात दोष काय, तर तो बाहेरून आला, एवढाच. आणि २०१२ च्या त्या रात्री तुम्ही आणि अण्णा ज्याच्या घरी गेलात, त्यालाही असाच शब्द मिळालेला असणार. त्याच्याही घरी कुणीतरी रडलं असेल. त्याला तुम्ही काय सांगितलंत? पक्ष मोठा, माणूस नंतर, हेच ना? ते वाक्य तेव्हा खरं होतं तर आज अण्णांनाही लागू आहे. तेव्हाच खोटं होतं असं आज वाटत असेल, तर पहिलं जाणं त्या माणसाच्या घरी व्हायला हवं, हात जोडून. तो अजून पक्षात आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं.

अकरा रात्रींचं ऋण मला कळतं. ते कमी लेखलंत तर मला तुमचा राग येईल. पण ते ऋण तुमचं आहे, तुमच्या बूथवरच्या लोकांचं नाही. ते फेडायला त्यांची मतं वापरू नका. अण्णा हरले तर त्या रात्री त्यांच्या ओट्यावर फार माणसं नसतील, तेव्हा तुम्ही जा. त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं तर दवाखान्यातल्या बाकड्यावर तुम्ही बसा, लागल्या तर बारा रात्री.

आणि पक्षाचं काम तुमच्यानं होणारच नसेल, अण्णांचा चेहरा समोर येत असेल, तर तेही समजण्यासारखं आहे. मग उद्याच तालुकाध्यक्षांना दोन ओळी लिहून द्या की या निवडणुकीपुरतं मी बूथवर बसणार नाही, दुसरा माणूस नेमा. मुदतीत सांगा, मतदानाच्या आदल्या रात्री फोन बंद करून नव्हे. घरी बसायचा हक्क तुम्हाला आहे, पण टेबल रिकामं ठेवून बसायचा नाही. अण्णांचं काम करायचं असेल तर पदाचा राजीनामा आधी आणि अण्णांच्या रिक्षात बसणं नंतर. तुमच्या गावात हे सगळं कळायला अर्धा तास लागतो, तेव्हा लोकांना ते तुमच्या तोंडून कळू द्या.

पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात काही लिहू नका. स्टेटसही नको. वाघ-सिंहांचे फोटो आणि गद्दार-निष्ठावंत हे शब्द निवडणूक संपल्यावरही पुसले जात नाहीत, आणि तुमची सगळ्यांची मुलं एकाच शाळेत जातात.

निवडणूक झाल्यावर, निकाल काहीही लागो, एक काम कराच. उमेदवारी कशी ठरली, निरीक्षकांच्या अहवालात काय होतं, फॉर्म शेवटच्या दुपारपर्यंत का रोखला, हे जिल्हाध्यक्षांना लेखी विचारा. पाच-दहा बूथप्रमुखांच्या सह्या घ्या. त्यात अण्णांच्या बाजूचे आणि पक्षाच्या बाजूचे, दोन्ही असू देत. पक्षात राहणाऱ्यांनीच विचारलं तर त्याला वजन येतं. हरल्यावर विचारलं तर रडगाणं म्हणतात आणि जिंकल्यावर विचारायला कुणाला सवड नसते, हे मला माहीत आहे. तरी विचारा. पुढच्या वेळी मुलाखतीच्या दिवशीच नाव कळावं, एवढं जरी पदरात पडलं तरी कुणा तरी अण्णांचा अपक्ष अर्ज वाचेल.

आता माघारीआधीचे तीन दिवस. आज संध्याकाळी अण्णांकडे जा. तिथे बैठक भरलेली असेल, सगळ्यांदेखत बोलू नका. त्यांना आत, स्वयंपाकघराच्या दारापाशी घ्या. काय ठरवलंय ते एका वाक्यात सांगा. पक्षाचं काम करणार असाल तर तसंच सांगा, «आतून तुमचाच आहे» ही पुस्ती जोडू नका. ते चिडतील, २०१२ चा विषय काढलात तर जास्तच चिडतील, कदाचित दवाखान्याचं बोलून दाखवतील. ऐकून घ्या. उलट उत्तर देऊ नका, आणि उठा म्हणेपर्यंत उठू नका.

आणि जाताना गाडी मागच्या रस्त्यानं नेऊ नका. समोरून जा, त्यांच्या दारात लावा.

— तुमची ताई